अडकलेली पुंगळी

"मग दोष आहे तरी कशात, उस्ताद?"

उस्ताद मीरासाहेब दगडावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते.

हैबतरावांनी पिस्तुलाची नळी खाणीच्या भिंतीकडे वळवली आणि ते आडवे धरून दाखवले. काडतुसाची रिकामी पुंगळी अर्धी बाहेर, अर्धी आत अडकली होती. निरोप घेऊनही उंबऱ्यात रेंगाळणाऱ्या पाहुण्यासारखी.

"बघा. पुन्हा तेच. दुसऱ्याच गोळीला."

"बघितलं."

"स्प्रिंग नवी घातली. तेल बदललं. दारू बदलली. शिसं बदललं."

"आणि?"

"आणि काय? बदलण्यासारखं पिस्तुलात आता काही उरलं नाही."

"पिस्तुलात नाही उरलं," उस्ताद म्हणाले आणि एक दाणा तोंडात टाकला.

हैबतराव कवठेकरांशी या सुरात बोलणारी माणसे वारणगाव संस्थानात दोनच होती. एक महाराज, दुसरे हे उस्ताद. थोरल्या महाराजांना नेमबाजी शिकवली ती मीरासाहेबांनी. थोरले महाराज गेल्यावर ते टेकडीवरच्या दर्ग्यात झाडलोट करीत राहू लागले. तरी टेकडीमागच्या जुन्या दगडखाणीत कोणी नेम शिकायला आला, तर त्याला ते परत पाठवत नसत. नुसते शेंगा खात बसत. त्यानेच बरेच जण परत जात.

हैबतरावांना परत जाऊन चालणार नव्हते.

त्याच दिवशी चार वाजता राजवाड्यामागच्या मैदानात महाराजांच्या अंगरक्षकांचा नायक निवडला जाणार होता. भिंतीवर पाच मडकी, पाच गोळ्या, आणि मध्ये पिस्तुलाला दुसरा हात लावायचा नाही. ते अडकले की माणूस बाद. ही जागा हैबतरावांच्या वडिलांनी मरेपर्यंत सांभाळली होती. ती हुकली, तर ती चुलतभाऊ मालोजीरावांकडे जाणार आणि हैबतरावांची रवानगी कुरणखात्यात होणार. तिथे वर्षभर गवताच्या गंज्यांवर नजर ठेवावी लागते. गंज्या पळून जात नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होते, पण खाते होते.

चाचणीचे पंच म्हणून उस्तादच बसत. पंचाकडेच शिकवणी लावणे त्या काळी गैर समजत नसत. आजही फारसे समजत नाहीत.

"काडतुसं कोणी भरली?" उस्तादांनी विचारले.

"मी. माझ्या हातानं."

हे सांगताना हैबतरावांची छाती थोडी पुढे आली. विलायतेत लढाई पेटल्यापासून नवी काडतुसे येणे बंद झाले होते. संस्थानचा शिलेखाना जुन्या पुंगळ्या गोळा करून त्यांत ठिणगी देणारी नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी बसवून देई. पण शिलेखान्यावर हैबतरावांचा विश्वास नव्हता. तिथला मुख्य मालोजीरावांचा मेहुणा होता. म्हणून हैबतरावांनी भरण्याचे यंत्र घरी आणले होते, आणि दारू मोजायचा काटा थेट देवघरात मांडला होता. वारा लागू नये म्हणून. देवांनी तक्रार केली नाही.

"किती प्रकारची भरली?"

"तीन. ही हलकी. ही मधली. आणि ही..." हैबतरावांनी तांबड्या फडक्यात बांधलेली पुडी काढली, "ही जोरदार."

"जोरदार म्हणजे?"

"उस्ताद, हे पिस्तूल आपलं आपण भरतं. गोळी सुटली की धक्क्यानं याची पाठ मागे सरकते, रिकामी पुंगळी फेकते आणि पुढे येताना नवं काडतूस नळीत ढकलते. ते सरकणं अर्धवट होतंय. म्हणजे धक्का कमी पडतोय. म्हणजे दारू कमी पडतेय." हैबतरावांनी वकिलासारखे बोट उचलले. "म्हणून वाढवली."

"कितीनं?"

"मावेल तितकी."

उस्तादांनी शेंगा खाली ठेवल्या.

"आण इकडे."

एवढ्या वेळात पहिल्यांदाच ते 'आणा' न म्हणता 'आण' म्हणाले. हैबतरावांनी पुडी दिली. उस्तादांनी एक काडतूस कानाशी हलवून पाहिले, दुसरे हलवले, मग तांबडे फडके होते तसे उचलून शेजारच्या पाण्याच्या बादलीत सोडून दिले.

"उस्ताद!"

"राव, पिस्तुलाची पाठ मागे सरकली पाहिजे. सुटून तुमच्या कपाळात बसली नाही पाहिजे."

"दोन दिवस घालवलेत मी त्यावर!"

"दोनच गेले. बाकीचे वाचले."

बादलीतून दोन बुडबुडे वर आले. हैबतराव त्यांच्याकडे बघत राहिले. 

"मधली द्या," उस्ताद म्हणाले. "आणि पिस्तूल."

त्यांनी अडकलेली पुंगळी काढली. मॅगझिन भरले. उठताना गुडघे वाजले. समोर खाणीच्या भिंतीपाशी खापरे मांडली होती. उस्तादांनी हात लांब केला.

पाच आवाज झाले. पाच पुंगळ्या उजवीकडे उडून दगडावर किणकिणत पडल्या. चार खापरे फुटली. पाचव्याला उस्तादांनी बहुधा वयामुळे सोडले.

"काडतुसं चांगली भरलीत," ते म्हणाले. "हात स्वच्छ आहे तुमचा."

ही स्तुती हैबतरावांना थपडेसारखी लागली. काडतूस वाईट निघाले असते तर बरे झाले असते.

"नशीब असेल," ते म्हणाले.

"असेल. मग आता तुमचं बघू."

हैबतराव उभे राहिले. त्याच पुडीतली काडतुसे. तेच पिस्तूल. पहिले खापर फुटले. दुसरे फुटले. आणि पिस्तुलाची पाठ अर्ध्यावर थांबली. पुंगळी पुन्हा उंबऱ्यात.

"बघा! बघितलंत?"

"मी पिस्तूल बघत नव्हतो."

"मग काय बघत होता?"

"तुम्ही मुजरा कुणाला करत होता, ते."

हैबतरावांना प्रश्नच कळला नाही. "महाराजांना. आणखी कुणाला?"

उस्तादांनी डावीकडे मान वळवली. तिथल्या बाभळीच्या खोडाला महाराजांची तसबीर टांगलेली होती. सोनेरी चौकट, तुरा, मिशा, सगळे यथास्थित. ती हैबतरावांनीच घरून आणली होती. सराव करायचा तर पुरता करायचा.

कारण वारणगावचा शिरस्ता असा की, महाराजांसमोर गोळी झाडली की प्रत्येक गोळीनंतर मुजरा करायचा. हत्याराची नळी जमिनीकडे, डावा हात कपाळाला, मान खाली. हा शिरस्ता पडला तेव्हा ठासणीच्या बंदुका होत्या. एक बार काढला की पुन्हा दारू ठासेपर्यंत माणसाला काही काम नसे. तेवढ्यात वाकून घेतले तर कुणाचे बिघडत नव्हते. पुढे बंदुका बदलल्या. शिरस्ता बदलण्याचा विषय मात्र कुणी कागदावर आणला नाही. हत्यार बदलायला पैसे लागतात, शिरस्ता बदलायला सही लागते.

हैबतराव हा मुजरा सहाव्या वर्षापासून करीत आले होते. झोपेतही बरोबर जमला असता.

उस्ताद बाभळीपाशी गेले. त्यांनी तसबीर खोडाकडे तोंड करून फिरवली.

हैबतराव पुढे धावले. "उस्ताद! महाराज आहेत ते!"

"कागद आहे. झाडा आता."

"पण असं पाठ करून..."

"पाठ त्यांची आहे. तुमची नाही. झाडा."

हैबतरावांनी आजूबाजूला पाहिले. खाणीत कोणी नव्हते. तरीही त्यांना कोणीतरी पाहिल्यासारखे वाटले. संस्थानात वाढलेल्या माणसाला तसे वाटतेच. त्यांनी मॅगझिन घातले, हात लांब केला.

पाच आवाज. पाच पुंगळ्या दगडावर. पाच खापरे.

हैबतराव पिस्तुलाकडे पाहत राहिले. मग हसले. मग एकदम हसायचे थांबले.

"काडतुसं तीच होती?"

"तीच."

"सुलटी करा तसबीर."

"तुम्हीच करा."

हैबतरावांनी तसबीर सुलटी केली, कोटाच्या बाहीने काचेवरची धूळ पुसली, आणि जागेवर येऊन हात लांब केला. पहिली गोळी सुटली. पुंगळी अडकली.

...

"इकडे या," उस्ताद म्हणाले. त्यांनी आपला पंजा हैबतरावांच्या समोर उभा धरला. "ढकला."

"काय?"

"हाताला हात लावा आणि ढकला. जोरात."

हैबतरावांनी ढकलले. म्हाताऱ्याचा पंजा जागचा हलला नाही. त्यांनी आणखी जोर लावला, आणि उस्तादांनी हात काढून घेतला. हैबतराव दोन पावले पुढे कोलमडले. आधाराला दगड सापडला म्हणून पडले नाहीत.

"त्याचंही असंच होतं," उस्ताद पिस्तुलाकडे बोट करून म्हणाले. "त्याची पाठ मागे सरकायची, तर खालचा हात जागेवर हवा. तुमचा हात गोळीच्या आधीच खाली निघतो. ते बिचारं रेटा कशावर देणार?"

"माझा हात आधी निघत नाही!"

"बरं."

"मुजरा मी गोळी सुटल्यावरच करतो."

"तुम्ही नंतर करता. मनगट आधी करतं."

हैबतरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मनगटाला शिकवीन. थांबायला सांगीन. गोळी, मग दम, मग मुजरा. सोपं आहे."

"सांगून बघा."

त्यांनी सांगून पाहिले. पहिली गोळी, दम, मुजरा. जमले. दुसरी गोळी, दम, मुजरा. जमले. हैबतरावांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून उस्तादांकडे विजयाने पाहिले. तिसऱ्या गोळीला पुंगळी अडकली. पुन्हा केले, दुसऱ्याला अडकली. पुन्हा केले. दात आवळून, श्वास रोखून, बोटांची पेरे पांढरी होईतो मूठ घट्ट करून केले, तर पहिल्यालाच अडकली.

सूर्य खाणीच्या काठावरून पलीकडे सरकला होता. शहरातून तासाचा टोल ऐकू आला. हैबतरावांनी तो मोजला नाही. मोजायची भीती वाटली.

"उस्ताद," हैबतराव म्हणाले, "तसबीर उलटी करता येते. महाराजांना उलटं कसं करू?"

उस्तादांच्या मिशीखाली काहीतरी हलले. पण ते हसले नाहीत.

"मुजरा केला तर पिस्तूल अडकतं, मी बाद. नाही केला तर बेअदबी, मी त्याहून बाद. वडिलांनी त्या मैदानात कधी मुजरा चुकवला नाही."

"त्यांच्याकडे सहा घरांचं रिव्हॉल्व्हर होतं. त्याचं चाक चापानं फिरतं, ते हातावर रुसत नाही."

"मग मी काय करू?"

...

"चार वाजता तुम्ही पंच असाल," हैबतराव पुन्हा म्हणाले. "तेव्हा विचारता येणार नाही. आता विचारतोय. मी काय करू?"

उस्तादांनी खाली वाकून शेंगांची टरफले गोळा केली, धोतराच्या सोग्यात घेतली, आणि दर्ग्याच्या पायऱ्यांकडे चालू लागले.

"उस्ताद!"

"तहान लागली," उस्ताद मागे न बघता म्हणाले. "तुम्हीही पाणी पिऊन घ्या. त्या बादलीतलं नको."

***

मैदानात छत्र उभारले होते. छत्राखाली महाराज, शेजारी दिवाणजी, थोडे मागे स्टुलावर उस्ताद. महाराजांच्या मांडीवर अंगरक्षकांच्या नायकाचा चामडी पट्टा होता. चांदीचे बक्कल उन्हात चमकत होते.

मालोजीराव आधी उभे राहिले.

पहिली गोळी, पहिले मडके. मालोजीरावांनी मुजरा केला. तो इतका देखणा होता की दोन मानकऱ्यांच्या तोंडून "वा" निघून गेले. दुसरी गोळी, दुसरे मडके, आणि पिस्तुलाची पाठ अर्ध्यावर थांबली. मालोजीरावांनी चाप पुन्हा दाबला. काही झाले नाही.

तरी मुजरा त्यांनी केलाच. अडकलेल्या पिस्तुलासकट. आधीच्यापेक्षाही देखणा.

महाराज हसले. "काडतुसांचा दोष. लढाईचे दिवस आहेत." दिवाणजींनी मान हलवली. सगळ्यांनी मान हलवली.

महाराजांनी मालोजीरावांना माफ केले होते. म्हणजे आता हैबतरावांचेही अडकले तरी बिघडत नव्हते. नुसता मुजरा नीट करायचा. दोघांची मडकी राहिली असती, आणि मग वडिलांची सेवा आठवून पट्टा कदाचित इकडेच आला असता. वाट सोपी होती. वाकलेल्या माणसालाही चालता येईल अशी.

ते रेघेवर येऊन उभे राहिले. डाव्या डोळ्याच्या कडेला छत्राची झालर हलत होती. तिच्याखालचा तुरा दिसत होता. मनगट आतल्या आत सैल पडू लागलेले त्यांना कळले.

त्यांनी मडक्याकडे पाहिले. मडक्याच्या पोटावर कुंभाराच्या बोटांचे वळ होते. ते एकेक दिसू लागेपर्यंत पाहिले.

झालर दिसेनाशी झाली.

पहिली गोळी. दुसरी. तिसरी. पुंगळ्या एकामागून एक उडत होत्या. चौथी. पाचवी.

भिंत रिकामी झाली. हैबतरावांचा हात तसाच लांब राहिला. कुठेतरी एक घोडा फुरफुरला, आणि हैबतरावांना जाग आल्यासारखे झाले. त्यांनी पिस्तूल मेजावर ठेवले, छत्राकडे वळले आणि मुजरा केला.

पाच गोळ्यांना मिळून एक. तोही उशिरा. दरबारी हिशेबाने उशिराचा मुजरा हा न केलेल्यापेक्षा वाईट. न केलेला विसरला असे म्हणता येते, उशिराचा आठवून केलेला असतो.

महाराजांचा चेहरा उतरला होता.

"हैबतराव, आम्ही इथं बसलो होतो. तुम्हाला दिसलो नाही?"

अशा वेळी द्यायची उत्तरे संस्थानात तयार असत. डोळ्यांवर ऊन आले. धूर गेला. तब्येत ठीक नव्हती. दिवाणजी ओठांनी 'ऊन, ऊन' असे सुचवतही होते. माणूस तसा मायाळू होता.

हैबतरावांनी मान वर केली.

"नाही, सरकार. नाही दिसलात."

दिवाणजींनी डोळे मिटून घेतले. मालोजीरावांनी खाली पाहिले, पण हसू लपवायला जरा उशीर झाला.

महाराजांची बोटे पट्ट्याच्या बक्कलवरून फिरत होती. मग ते मागे वळले.

"उस्ताद, एकाची मडकी राहिली. एकाचा मुजरा राहिला. आमच्या आबांचे तुम्ही गुरू. सांगा, आमच्या पाठीशी कुणाला उभं करू?"

उस्ताद मीरासाहेब स्टुलावरून सावकाश उठले. गुडघे वाजले ते सगळ्यांना ऐकू आले. त्यांनी एकदा मालोजीरावांकडे पाहिले, एकदा हैबतरावांकडे.

...

"सरकार, ज्याला तुम्ही दिसत होता, त्याचं पिस्तूल अडकलं."